पिट्सबर्गमध्ये भाड्याचं घर: नव्याने येणाऱ्यांसाठी

मे-जून उजाडला की मला पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून मेसेज यायला लागतात. ॲडमिशन झालेली असते, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळालेली असते, आणि प्रश्न ठरलेला: "ताई, पिट्सबर्गमध्ये भाडं किती पडतं?" मी आधी दोनच गोष्टी विचारते. महिन्याला हातात किती येणार आणि रोज जायचं कुठे? त्या कळल्या की पुढचं बरंच सोपं होतं. नुसता भाड्याचा आकडा ऐकून घर घेणारी मुलं जानेवारीत रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी मीही त्यांतलीच एक होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी शहराविषयी थोडं, कारण भाड्याचं गणित त्यातच आहे. १९५० साली पिट्सबर्गची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या वर होती. पुढे पोलादाचे कारखाने बंद पडत गेले, माणसं निघून गेली, आणि २०२०च्या जनगणनेत तीन लाखांच्या आसपास उरली. घरं मात्र जागच्या जागी राहिली. म्हणून बॉस्टन किंवा न्यूयॉर्कच्या मानाने इथे अजूनही स्वस्ताई आहे. पण ही घरं जुनी आहेत, काही तर शंभर वर्षांपूर्वीची, आणि जुनं घर थंडीत पैसे खातं. शिवाय विद्यापीठं, इस्पितळं आणि नव्या टेक कंपन्या शहराच्या पूर्व भागात एकवटल्या आहेत. एका जुन्या बिस्किट कारखान्याच्या इमारतीत तर आता गूगलचं ऑफिस आहे. त्यामुळे त्या चार-पाच वस्त्यांत भाडं चढलेलं, आणि टेकडीपलीकडे एकदम उतरलेलं, असा प्रकार आहे. 'पिट्सबर्गचं सरासरी भाडं' या आकड्यावरून तुम्हाला फारसं काही कळणार नाही.

पहिली पायरी: कागदावर महिना मांडा

अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याचा जुना ठोकताळा असा की भाडं आणि वीज-गॅस-पाणी मिळून खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत असावा. त्याच्या वर गेला तर कुटुंबावर घराचा बोजा आहे असं मानतात, आणि ५० टक्क्यांच्या वर गेला तर तो फार मोठा बोजा. विद्यार्थ्यांना हे ३० टक्के बहुधा जमत नाहीत. मी त्यांना सांगते, ४०च्या वर जाऊ नका आणि त्यात सगळं धरा.

सगळं म्हणजे काय, ते बघा. आकडे समजण्यापुरतेच घेतले आहेत. समजा कॉलेजच्या बसलाइनवरच्या स्क्विरल हिल वस्तीत तिघांच्या घरात तुमच्या वाट्याचं भाडं ७५० डॉलर आहे, गॅस-वीज-इंटरनेटचा वाटा ११० आणि कॉलेजला जायला दारात बस. एकूण ८६०. आता दुसरं घर, लांब उपनगरात. भाड्याचा वाटा ६००, पण हीटिंग भाड्यात नाही म्हणून युटिलिटीचे १५०, आणि बस नाही म्हणून गाडी. गाडीचा विमा, पेट्रोल, पार्किंग मिळून ३५० धरा. झाले ११००. दीडशे डॉलर वाचवायला निघालेला माणूस दर महिन्याला २४० जास्त मोजतो, आणि ते त्याच्या लक्षात येईपर्यंत लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही झालेली असते.

नोकरीवर येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरायची, जी कुणी सांगत नाही. पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राहणाऱ्याला पगारावर ३ टक्के स्थानिक कर पडतो. आसपासच्या बहुतेक गावांत तो १ टक्का किंवा थोडा जास्त असतो. वर्षाला ६०,००० डॉलर पगार असेल तर शहरात १,८०० आणि १ टक्केवाल्या गावात ६००. फरक १,२०० चा, म्हणजे महिन्याला बरोबर १००. हद्द कधीकधी एका रस्त्यावर बदलते. पत्त्यात 'पिट्सबर्ग' लिहिलंय म्हणून घर शहरातच आहे असं समजू नका. टपालाचा पत्ता वेगळा आणि नगरपालिका वेगळी. घर बघताना सरळ विचारा, "हे घर कुठल्या नगरपालिकेत येतं?"

भाडं वाजवी आहे का हे तपासायचं असेल तर गृहनिर्माण खातं दरवर्षी प्रत्येक भागासाठी 'फेअर मार्केट रेंट' जाहीर करतं. किती बेडरूमच्या घराला किती, असा तक्ता असतो आणि त्यात युटिलिटीही धरलेली असते. तो फुकट बघता येतो. ओकलंडमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या वस्तीत, भाडं त्याहून जास्त दिसलं तर लगेच फसवणूक समजू नका. पण दीडपट दिसलं तर कारण विचारा.

दुसरी पायरी: आधी बस, मग वस्ती

इथे नकाशावरचं अंतर फसवं आहे. शहर टेकड्यांवर वसलंय, तीन नद्या आहेत, आणि सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. नकाशावर एक मैल दिसणारी वाट प्रत्यक्षात दोनशे पायऱ्यांची निघते, आणि बर्फात त्या पायऱ्या उतरणं म्हणजे जिवावरचं काम. म्हणून घर निवडताना आधी बसची लाइन निवडा आणि मग त्या लाइनवरची वस्ती.

कार्नेगी मेलन आणि पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) या दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस फुकट आहे. बाकीच्यांना एका फेरीला २.७५ डॉलर पडतात आणि कनेक्टकार्ड (पैसे भरून ठेवायचं बसचं कार्ड) असेल तर त्याच पैशांत तीन तासांत बस बदलता येते.

ओकलंड कॉलेजच्या अंगणात आहे. चालत जाता येतं, पण घरांची निगा कमी आणि भाडं जास्त. शनिवारी रात्री गोंगाट असतो. अंडरग्रॅज्युएट मुलांची वस्ती आहे ती. मास्टर्सला येणाऱ्या आपल्या मुलांपैकी बरेचजण स्क्विरल हिल घेतात. फोर्ब्स आणि मरे या दोन रस्त्यांवर किराणा, लायब्ररी सगळं आहे आणि ६१ए, बी, सी, डी या बसेस तिथून ओकलंडला जातात. मरेवरून खाली उतरत ग्रीनफिल्डकडे गेलात तर भाडं कमी होतं, चढ वाढतो. शेडीसाइड सुंदर आहे आणि तसंच महागही. तिथे ७१ मालिकेच्या बसेस. ब्लूमफिल्ड आणि फ्रेंडशिपहून ५४ नंबर ओकलंडला येते. ब्लूमफिल्ड ही जुनी इटालियन वस्ती, अरुंद घरं एकमेकांना चिकटलेली, आणि माझ्या मते पैशाच्या मानाने चांगली. डाउनटाउनला नोकरी असेल तर दक्षिणेकडचं डॉरमाँट किंवा बीचव्ह्यू बघा. तिथून 'टी' नावाची लाइट रेल थेट डाउनटाउनला येते. आपली कुटुंबं बरीचशी मनरोव्हिल, ग्रीन ट्री, क्रॅनबेरी या बाजूंना आहेत. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर, जवळच पेन हिल्सला व्यंकटेश्वराचं मंदिर. मुलंबाळं असतील, गाडी असेल तर छान. एकट्या विद्यार्थ्याने मात्र 'आपली माणसं आहेत' म्हणून तिकडे घर घेऊ नये. रात्री नऊनंतर लॅबमधून परत यायचे हाल होतात.

एक तपासणी नक्की करा. बसचं वेळापत्रक उघडून रविवारी रात्रीची शेवटची बस किती वाजता आहे ते बघा. आठवड्याच्या दिवशी दहा-दहा मिनिटांनी येणारी बस रविवारी ताटकळत ठेवते.

तिसरी पायरी: वेळ

ओकलंडच्या आसपासची बरीच लीज जुलैअखेर संपतात आणि ऑगस्टमध्ये नवीन सुरू होतात. चांगली घरं आधीच्या हिवाळ्यातच जातात. तुम्ही भारतातून जूनमध्ये शोधणार, तर उरलेल्यांतून निवडायचं आहे हे धरून चला. त्यावर माझा उपाय: पहिल्या महिन्यासाठी सबलेट (म्हणजे आधीच्या भाडेकरूकडूनच पोटभाड्याने) घ्या, किंवा सीनियरच्या घरी खोली मिळते का बघा, आणि वर्षाचं घर इथे येऊन, पायांनी फिरून घ्या. ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही घरं निघतात. रूममेट आयत्या वेळी गळतो, कुणाचा व्हिसा अडकतो.

जुनं लीज ३१ जुलैला संपून नवीन ५ ऑगस्टला सुरू होणं हा इथला नेहमीचा प्रकार आहे. मधले दिवस सामान कुठे ठेवायचं ते आधी ठरवा.

चौथी पायरी: कागद जमवा, पैसे सांभाळा

घरमालकाला सहसा भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न दिसावं लागतं आणि क्रेडिट स्कोअर लागतो. नव्या माणसाकडे दोन्ही नसतात. घाबरू नका. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म), स्टायपेंडचं किंवा नोकरीचं ऑफर लेटर, बँक स्टेटमेंट आणि पासपोर्टची प्रत यांची एकच फाइल करून ठेवा. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये नियम वाकत नाहीत. तिथे अमेरिकेत कमावणारा हमीदार मागतात. दोन-तीन घरं असलेला साधा घरमालक मात्र तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलून ठरवतो. नव्याने येणाऱ्याने अशाच मालकाकडे जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यासारखी दलालाला एक महिन्याची दलाली द्यायची पद्धत इथे सहसा नाही. अर्जाची फी असते, माणशी, आणि ती परत मिळत नाही. म्हणून घर मनात भरल्याशिवाय अर्ज करू नका.

फसवणूक खूप आहे आणि ती नेमकी आपल्यासारख्या लांबून बघणाऱ्यांची होते. फोटो चकाचक, भाडं बाजारापेक्षा कमी, मालक 'परगावी', आणि पैसे आधी पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल. असं ऐकलंत की तिथेच थांबा. पिट्सबर्ग ज्यात येतं त्या ॲलिगेनी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रिअल इस्टेट पोर्टलवर पत्ता टाकला की घर कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. समोरच्या माणसाचं नाव आणि ते नाव जुळतं का बघा. जुळलं नाही तर त्याला विचारा. मॅनेजमेंट कंपनी असेल तर ती कागद दाखवेल. आणि कुणीतरी ओळखीच्या माणसाने आत जाऊन व्हिडिओ कॉल केल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.

पाचवी पायरी: घर बघताना

इथे घाई करू नका. माझं पहिलं घर मी एका जुलैच्या संध्याकाळी घेतलं होतं. खिडकीबाहेर मेपलचं झाड, लाकडी जमीन, उंच छत. जानेवारीत घर तापवायच्या गॅसचं बिल आलं ते भाड्याच्या जवळपास तिसरा हिस्सा होतं. जुन्या खिडक्यांच्या चौकटीतून वारा आत येत होता आणि आम्ही गल्ली गरम करत होतो. पिट्सबर्गमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान शून्य सेल्सियसच्या खाली असतं, हे जुलैत कुणाच्या ध्यानात राहणार?

म्हणून आता मी कुणाबरोबर घर बघायला गेले की पर्समध्ये उदबत्ती असते. मालकाला विचारून ती पेटवायची आणि बंद खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर गेला तर खिडकी चांगली. धूर आडवा वाकला, थरथरला तर तिथून वारा येतोय. दाराच्या उंबऱ्यापाशीही तसंच. उदबत्ती नको म्हणाले तर तळहात ओला करून फिरवा, गार झुळूक कळते.

मग हीटिंग कसलं आहे ते विचारा. रेडिएटर असेल आणि अख्ख्या इमारतीला एकच बॉयलर असेल तर हीटिंग बहुधा भाड्यात धरलेलं असतं, आणि असं घर शंभर डॉलर महाग असलं तरी घ्या. तुमच्या नावावर गॅस येणार असेल तर मागच्या भाडेकरूंची जानेवारी-फेब्रुवारीची बिलं दाखवा म्हणावं. गॅस कंपनीला त्या पत्त्याचा सरासरी खर्चही विचारून बघता येतो. पुढे घर घेतलंत तर कंपनीकडे 'बजेट बिलिंग' मागा. वर्षाचा खर्च बारा महिन्यांत सारखा वाटून देतात, हिवाळ्यात एकदम फटका बसत नाही.

स्वयंपाकघरात शेगडीवरची चिमणी चालू करा आणि जाळीला टिश्यू पेपर लावा. कागद चिकटून राहिला पाहिजे. मग हवा बाहेर जाते की गाळून परत खोलीतच येते ते विचारा. जुन्या घरांत बऱ्याचदा परत खोलीतच येते. अशा घरात मोहरी-हिंगाची फोडणी घातली की धुराचा अलार्म वाजायला लागतो, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी असेल तर निम्मा प्रश्न मिटला. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं हा मात्र उपाय नाही. ते करू नका. जुन्या घरात आग वेगाने पसरते.

बाकीचं पटापट: शॉवर आणि सिंक एकदम सोडून पाण्याचा दाब बघा. गादीच्या शिवणी आणि भिंतीच्या कडा बॅटरीच्या उजेडात तपासा, ढेकणांचे काळे ठिपके ओळखू येतात. तळघरात ओलीचा वास येतो का ते बघा. तळघराच्या मधोमध, आडोसा नसलेला एखादा संडास दिसला तर दचकू नका. इथल्या जुन्या घरांत तसा असतोच. घरात लहान मूल असेल तर १९७८च्या आधी बांधलेल्या घराच्या रंगात शिसं असू शकतं. त्याची माहिती घरमालकाने सही करण्याआधी लेखी द्यायची असते. पोपडे निघालेल्या खिडक्या असतील तर ते घर लहान मुलासाठी घेऊ नका.

सहावी पायरी: लीज वाचा, पूर्ण वाचा

महाराष्ट्रात आपल्याला अकरा महिन्यांच्या कराराची सवय. मधेच सोडायचं तर महिन्याची नोटीस द्यायची आणि निघायचं. इथे वर्षाचं लीज म्हणजे वर्षाच्या भाड्याचं देणं. डिसेंबरमध्ये दुसऱ्या शहरात नोकरी लागली तरी जुलैपर्यंतचं भाडं तुमच्या नावावर असतं. म्हणून सबलेट करायची परवानगी आहे का, मुदतीआधी सोडायला किती दंड, हे सहीच्या आधी बघा.

तीन कलमं मी बोट ठेवून वाचायला लावते. पहिलं, सर्व भाडेकरू 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' जबाबदार. याचा अर्थ रूममेट पळाला तर त्याचं भाडंही मालक तुमच्याकडून वसूल करू शकतो. शक्य असेल तर खोलीगणिक वेगळं लीज मागा. दुसरं, आपोआप नूतनीकरण. काही लीजमध्ये दोन-तीन महिने आधी लेखी कळवलं नाही तर ते पुढच्या वर्षासाठी चालू राहतं. तिसरं, नोटिशीचा हक्क सोडून देणं. पेनसिल्व्हेनियात (पिट्सबर्ग याच राज्यात आहे) घर रिकामं करायला सांगण्याआधी नोटीस द्यावी लागते, पण भाडेकरूने लीजमध्येच तो हक्क सोडला असेल तर ते कायद्याने चालतं. हे कलम बारीक अक्षरात असतं. काढून टाका म्हणायला हरकत नाही, छोटे मालक कधीकधी ऐकतात.

भाडेवाढीवर पेनसिल्व्हेनियात सरकारी मर्यादा नाही. लीज चालू असताना भाडं वाढवता येत नाही, पण संपल्यावर मालक कितीही मागू शकतो. म्हणून चांगलं घर आणि सरळ मालक मिळाला तर दुसऱ्या वर्षाचं भाडं काय असेल ते आधीच बोलून घ्या आणि ईमेलवर लिहून घ्या.

एका घरात किती जण राहणार हेही खरं सांगा. शहराच्या झोनिंगमध्ये नात्यात नसलेल्या माणसांच्या संख्येवर बराच काळ तिघांची मर्यादा राहिली आहे. पाचजण राहून दोघांची नावं लीजवर, हा प्रकार आपल्या मुलांत चालतो. अडचण आली की बिननावाच्या तिघांना काहीच आधार उरत नाही.

भाडेकरूचा विमा घ्या. महिन्याला पंधरा-वीस डॉलरच्या आत मिळतो आणि वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून तुमचा लॅपटॉप भिजला तर कामी येतो. मालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू नसतो.

सातवी पायरी: डिपॉझिट, पहिल्या दिवसापासून

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार पहिल्या वर्षी मालक जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घेऊ शकतो. दुसऱ्या वर्षापासून एकच महिन्याचं; वरचं परत करायचं. १,४०० भाडं असेल तर आधी २,८००, नंतर १,४००.

किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा. कपाटांच्या आतून, फ्रिजच्या मागून, गालिच्याचा प्रत्येक डाग, जमिनीवरचा प्रत्येक ओरखडा. त्याच दिवशी मालकाला ईमेल करा म्हणजे तारीख पक्की होते. माझ्या दुसऱ्या घराच्या मालकाने जेवणाच्या खोलीतल्या जमिनीवरच्या ओरखड्यासाठी डिपॉझिटमधून चारशे डॉलर कापले होते. तो ओरखडा मी आले त्या दिवशीच्या फोटोत होता, माझ्या बंद सूटकेसच्या शेजारी. फोटो पाठवला आणि आठवड्यात चेक आला.

राहताना हीटिंग बंद पडलं, छत गळायला लागलं तर आधी मालकाला लेखी कळवा. फोन केला असला तरी मागून ईमेल करा. दाद मिळाली नाही तर शहराची ३११ सेवा आणि काउंटीचं आरोग्य खातं तक्रार घेतं. घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच ठरवून दिलं आहे. लीजमध्ये काही लिहिलं असलं तरी ती टळत नाही. पण कुणा वकिलाशी बोलल्याशिवाय भाडं थांबवू नका. विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर सल्ल्याची सोय आहे का ते आधी विचारा.

घर सोडताना नवीन पत्ता मालकाला लेखी द्या. ही एक ओळ न दिल्यामुळे किती मुलांचे पैसे बुडालेत! पत्ता दिला असेल तर ३० दिवसांत मालकाने डिपॉझिट परत करायचं, किंवा कशाचे किती कापले त्याची यादी द्यायची. नाहीतर अडवून ठेवलेल्या रकमेच्या दुप्पट मागता येते. तुमच्या भागाच्या मॅजिस्टेरियल डिस्ट्रिक्ट जजकडे (छोटे दावे ऐकणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाकडे) १२,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्वतः लावता येतो. भारतात परतणार असाल तर इथल्या एखाद्या मित्राचा पत्ता द्या. मजकूर एवढाच पुरे: "मी अमुक तारखेला घर रिकामं करून किल्ली परत केली आहे. डिपॉझिट पुढील पत्त्यावर पाठवावं." ईमेल करा, आणि तोच कागद पोस्टातून सर्टिफाइड मेलने पाठवून पावती जपून ठेवा.